डाव्या बाजूची जागा

"एक दिवस तू मला ट्रकखाली घालणार," सत्यम म्हणाला, आणि तेही कसं, तर भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. सत्यम माझा नवरा. बँकेत आहे, बोलतो कमी, आणि बोलला की ते नेमकं खरं निघतं, हा त्याचा एकच मोठा दोष. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही बार्शी नाक्यापर्यंत चालत जातो. रस्त्याची बाजू त्याची, दुकानांची माझी. म्हणजे तो माझ्या उजव्या हाताला. मागून उसाचा एक ट्रॅक्टर त्याला जवळजवळ घासून गेला तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "तुझ्या डाव्या हाताला बघ. आख्खा माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. आणि तू मात्र मला रेटत रेटत डांबरावर आणतेस. लग्न झाल्यापासून बघतोय. आधी वाटलं, गटाराला भीत असशील." मी डावीकडे बघितलं. जागा होती. तुझं आपलं काहीतरीच, असं म्हणून मी हसले आणि मुद्दाम तिकडे सरकायला पाऊल टाकलं. पाऊल पडलं, पण जिथं होतं तिथंच पडलं. पुन्हा टाकलं. समोर पाणीपुरीवाल्याच्या गाड्यावरचा लाल कपडा दिसत होता, जमीन सपाट होती, आणि माझं अंग तिकडे जाईना. कुणी शेजारून चालत असताना आपण त्याच्या अंगावर कसं जाऊ, तसं. मी तिथंच उभी राहिले. सत्यमला वाटलं मी रुसले. "अगं, गंमत केली," तो म्हणाला, आणि पुढच्या टपरीवर त्यानं मला उसाचा रस पाजला.

रविवारी पुण्याला माझी निवड चाचणी होती. मी स्केटर आहे. बीडमध्ये हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग सत्यमकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे ते लहान लेकरं खेळतात ते?" हो बाबा, तेच. चार चाकांचे बूट घालून सिमेंटवर करायचं. शर्यत नाही, नाचासारखं, उड्या, गिरक्या, आणि त्यात एक प्रकार असा की ज्यात काहीच घडत नाही. फरशीवर दोन वर्तुळं रंगवलेली असतात, एकमेकांना चिकटलेली. एका पायावर उभं राहायचं, एकदाच रेटा घ्यायचा आणि रेषेवरून जायचं. डावं वर्तुळ डाव्या पायावर, उजवं उजव्या, आणि जिथून निघालो तिथं येऊन थांबायचं. संगीत नाही, टाळ्या नाहीत. परीक्षक वाकून तुमच्या चाकांकडे बघतात. बघणाऱ्याला झोप येते आणि करणाऱ्याचा जीव जातो. गुडघा गेल्यापासून माझ्याकडे एवढंच उरलंय, आणि यात मी वर्षानुवर्षं चौथी येते. तिघींना घेतात, चौथीच्या पाठीवर थाप मारतात. डावं वर्तुळ मी रेषेच्या जरा बाहेरून जाते आणि उजवं जरा आतून. फार नाही, बोटभर. पण रेषा म्हणजे रेषा. बूट बदलले, डोळे तपासले, कमरेचे फोटो काढले, आईनं तर माझी दृष्टसुद्धा काढली. या खेपेला मी घरात जाहीर करून टाकलं होतं की रविवारी वर्तुळ मिटलं नाही तर स्केट माळ्यावर, आणि पुन्हा या घरात त्याचं नाव काढायचं नाही. सत्तावीस वर्षांची घोडी झाले. शाळेत पोरींची कवायत घेते. किती दिवस आपणच आपल्याभोवती गोल फिरायचं.

घरी येऊन कणीक मळायला घेतली तेव्हा मला बर्फ आठवला. तीन वर्षांपूर्वी दिल्लीकडच्या एका बर्फाच्या मैदानावर आम्हा चाकांवरच्या काही पोरींना बोलावलं होतं. चाकांवर जमतं त्यांना पात्यांवर जमतंय का, ते बघायला. आईला फोनवर सांगितलं की पाणी गोठवतात आणि त्याच्यावर चालायचं असतं. आई घाटनांदूरची, उन्हाळाभर टँकरमागं घागरी घेऊन पळालेली. ती म्हणाली, "एवढं पाणी? आन् त्याच्यावर पाय देऊन?" मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी तिथं पहिलं पाऊल टाकताना मी खाली वाकून नमस्कार केला, तेव्हा बाकीच्या पोरींना वाटलं की ही फार धार्मिक आहे. शिकवायला विजयमाला मॅडम होत्या, मूळच्या नागपूरच्या, कमरेला शाल गुंडाळलेल्या, तोंडात सतत लवंग. त्यांनी मला ती दोन वर्तुळं काढायला सांगितली. सिमेंटचं एक बरं असतं, ते चुगली करत नाही. तुम्ही कुठून गेलात ते तुम्ही आणि परीक्षक, दोघंही दोन क्षणांत विसरता. बर्फ विसरत नाही. मॅडमनी मला काठाला बोलावलं आणि बोट दाखवलं. पांढऱ्यावर पांढऱ्या दोन रेघा. डावं वर्तुळ पोट सुटल्यासारखं मोठं, उजवं लहान. "कुणाला जागा देतेस गं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाला म्हणजे, पाय घसरतोय. "घसरली असतीस तर एका ठिकाणी घसरली असतीस. तू सगळीकडे सारखीच बाजूला होतेस. दारात उभं असताना आतून कुणी आलं की माणूस सरकतं, तशी." मला निवडलं नाही. टोमणा मारला म्हणून मी मॅडमवर तेव्हा राग धरला, आणि तो चांगला तीन वर्षं सांभाळला. आणि आता कणकेत हात तसेच ठेवून ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा कळलं की सत्यम आणि मॅडम एकच गोष्ट सांगत होते. डावीकडे कोण आहे, हे मला विचार न करता माहीत होतं. हारिस.

हारिस म्हणजे अंबाजोगाईच्या ख्वाजाचाचांचा मुलगा. चाचांचं स्टँडजवळ गॅरेज होतं, काळ्यापिवळ्या जीपांचं. मी घाटनांदूरहून रोज एसटीनं अंबाजोगाईला शाळेत यायचे, आणि आमचे पीटीचे अशफाक सर एकदा औरंगाबादला कसल्याशा शिबिराला गेलते ते तिथून हे खूळ घेऊन आले. खूळ आणि दोन जोड स्केट. मैदान कुठलं? माझे वडील, बद्रीनाथअण्णा, बाजार समितीवर होते म्हणून मोंढ्यातला लिलावाचा ओटा मिळाला. वर पत्रे, खाली घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट. हमालांनी सोयाबीनचे ढीग उचलले की आम्ही दोघं ओटा झाडायचो, खराट्यानं, मग हातानं, मग ओल्या फडक्यानं, कारण चाकाखाली तुरीचा एक दाणा आला तरी माणूस तोंडावर. सरांनी ऑइलपेंटनं वर्तुळं काढली. चाचा बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन द्यायचे, जुन्या टायरचा तुकडा कापून पुढचा ब्रेक करून द्यायचे, आणि चाक कानाशी फिरवून म्हणायचे, "उडो अब." जोडीत मुलगा डावीकडे असतो, मुलगी उजवीकडे. त्याचा उजवा हात मुलीच्या पाठीमागून येऊन तिच्या उजव्या कमरेवर, मुलीचा डावा हात त्याच्या पुढून जाऊन त्याच्या डाव्या हातात. आधी हात धरायला दोघंही लाजत होतो, म्हणून सरांनी खिशातला रुमाल, त्यांची दस्ती, दिली. तिची दोन टोकं दोघांनी धरायची. दस्ती कधी सुटली ते दोघांनाही कळलं नाही. नवव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत आम्ही असे फिरलो. मागं जाताना मला दिसायचं नाही, त्याला दिसायचं. वेगात आपलं वजन कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं ते कळत नाही. डाव्या अंगाला ऊब असायची, ग्रीसचा वास असायचा, आणि त्याची ती बारमाही सर्दी. तो नाक ओढायचा त्या तालावर मी वळण घ्यायचे. जिल्ह्यात आम्ही कायम पहिले, कारण जिल्ह्यात दुसरी जोडीच नव्हती, आणि याचा गर्व करू नये असं सर बजावायचे. मग विभाग, मग राज्य, आणि शेवटी विशाखापट्टणमला देशात तिसरे.

लग्न ठरल्यावर सत्यमनं मला विचारलं होतं, तुझं कधी कुणावर होतं का. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. हारिस मला कधी आवडला नाही, जसा कुणाला आपला डावा हात आवडत नाही. असतो तो. त्याच्याशी मी धड दोन वाक्यं बोलले नसेन. स्केट काढले की तो गॅरेजला आणि मी स्टँडवर. त्याला कोणता रंग आवडतो मला माहीत नाही. पण तो डावा पाय टाकायच्या आधी खांदा किती खाली सोडतो ते मला झोपेत विचारलंत तरी सांगेन. याला काय म्हणतात ते मी शोधलं नाही, कारण शोधलं असतं तर लोकांनी त्याला एकच नाव दिलं असतं, आणि ते चूक होतं.

पदक घेऊन आलो तेव्हा अण्णांना कोण आनंद झाला. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी बॅनर, बैल पोळ्याला मिरवला तरी बॅनर, आणि कुणाचं काहीच झालं नाही तरी वाढदिवस असतोच. अण्णांनी घाटनांदूरच्या चौकात मोठा फ्लेक्स सांगितला आणि स्वतः चाचांना फोन लावला. "ख्वाजाभाई, हारिसला घेऊन या बघायला. आपल्या लेकरांचा बॅनर लावतोय." हे मी शेजारी बसून ऐकलं, आणि माझा बाप खोटं बोलत नव्हता. फोटो दोघांचाच दिला होता, धरलेल्या पवित्र्यातला, माझा आस्मानी ड्रेस आणि त्याचा काळा शर्ट. पण फ्लेक्स म्हटला की वर नेत्यांची रांग लागते, आणि आमच्या भागाचे पुढारी सुंदरराव साहेब एवढे मोठे की त्यांना रांगेत बसवणं म्हणजे अपमान. त्यांना उभंच दाखवावं लागतं, पूर्ण, हात जोडलेलं. छापणाऱ्याला जागा पुरेना. अण्णांनी त्याला एवढंच बजावलं होतं, "आपली मुलगी ठळक दिसली पाह्यजे." त्यानं आपलं डोकं चालवलं. हारिसला कापलं आणि तिथं सुंदरराव उभे केले. त्यामुळे माझा डावा हात लांब होऊन सुंदररावांच्या पोटापाशी संपत होता, आणि माझ्या उजव्या कमरेवर चार बोटं राहिली होती, कुणाची ते कळत नव्हतं. ती कापायला गेलं तर ड्रेसही कापला जात होता म्हणे. अण्णांनी बघितलं तेव्हा फ्लेक्स बांबूवर चढलेला होता. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "तो पोरगा कुटं गेला बे?" त्यांनी विचारलं. छापणारा म्हणाला, "अण्णा, मग साहेबांचा फोटो बारीक करायचा व्हता का?" अण्णा म्हणाले, "न्हाई, ते बी खरंच हाय." आता उतरवायचा म्हटलं तर भर चौकात सुंदररावांचा चेहरा खाली उतरवायचा, तो कोण उतरवणार, आणि समितीची निवडणूक तोंडावर.

आणि चाचा आले. हारिसला मागं बसवून मोटारसायकलवर आले, घडी न मोडलेला नवा शर्ट घालून. कॉलरमागचा पुठ्ठा काढायचा राहिला होता. चौकात थांबून त्यांनी बघितलं आणि मग आमच्या घरी चहाला आले. मला तो चहा अख्खा पाठ आहे. अण्णा सुपारी कातरत होते आणि कातरलेली खात नव्हते. आई उगीचच साखर विचारत होती. चाचा म्हणाले, "लई छान आलाय फोटू तेजूचा. आस्मानी रंग खुलून दिसतो पोरीला." हारिस बशीत चहा ओतून पीत होता, आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. अण्णा म्हणाले, "ख्वाजाभाई, पुढच्या टायमाला दोघांचा लावू." चाचा म्हणाले, "लावा की." एवढंच. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी कुणाला वाईट बोललं नाही, आणि हेच मला इतकी वर्षं छळतं. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी चौकात बायका त्या चार बोटांवरून कुजबुजायला लागल्या, तेव्हा आईनं सांगून त्यांवर गुलाबाच्या फुलाचं चित्र चिकटवून घेतलं.

पुढच्या रविवारी हारिस मोंढ्यात आला. आम्ही झाडलं, स्केट घातले, धरलं. म्हणजे मी धरलं. त्याचा हात माझ्या कमरेपासून वीतभर लांब, हवेत होता. सर ओरडले, "हारिस, हात." तो हो म्हणाला आणि हात तिथंच राहिला. वेग घेतल्यावर मी सवयीनं त्या हातावर वजन टाकलं, हात नव्हता, आणि मी ओट्यावरून खाली पोत्यांवर जाऊन पडले. लागलं काही नाही. तो माझ्याकडे बघत उभा होता, आणि त्याचा हात अजून तसाच वर होता. त्यानंतर गॅरेजात काम वाढलं, असा निरोप आला. सरांनी मला एकटीनं उभं केलं. बारा वर्षं मी एकटीची कारकीर्द केली, पदकं नाही म्हणायला दोन-तीन आहेत, आणि प्रत्येक गिरकीत, प्रत्येक वर्तुळात माझ्या डावीकडे एक माणूस नव्हता. बॅनर वर्षभर चौकात राहिला. उन्हानं आधी माझा चेहरा गेला, मग गुलाब पांढरा झाला. सुंदररावांचा रंग मात्र पक्का होता. शेवटी तो आमच्याच कडब्याच्या गंजीवर पडला, पालथा, आणि पावसाचं पाणी त्यानं चांगलं अडवलं, असं अण्णा म्हणायचे.

शुक्रवारी मी शाळेत रजा टाकली. स्केट पिशवीत घेतले. सत्यमनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "अंबाजोगाईला. ज्याच्याबरोबर खेळायचे त्याला भेटून येते. रविवारच्या आधी भेटलंच पाहिजे." त्यानं पिशवीकडे बघितलं, मग माझ्या डावीकडे बघितलं, असं मला उगीचच वाटलं. "ये जाऊन," तो म्हणाला, "मलाही ट्रकखाली जायचं नाहीये," आणि डबा भरून दिला. एसटीत मी डावीकडच्या खिडकीपासून लांब, बाकाच्या कडेला बसले होते हे मला मांजरसुंब्याला कंडक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. "ताई, सरका की आत, खिडकी मोकळीच हाय." मी सरकले नाही. केजला एक म्हातारी येऊन त्या जागेवर बसली आणि मला तिच्याशेजारी बसवेना. मी उठून अंबाजोगाईपर्यंत उभी राहिले. मोंढ्यात लिलाव चालू होता. आमच्या ओट्यावर सोयाबीनचे ढीग होते, आणि दोन ढिगांच्या मधे ऑइलपेंटची एक फिकट कमान दिसत होती, वाकून कुठंतरी दाण्यांखाली जाणारी. मी आडत्यांच्या गर्दीत उभी राहून त्या कमानीकडे बघत राहिले. कुणीतरी विचारलं, "ताई, माल कुठला?"

गॅरेजशी पोचले तेव्हा आवाज आधी ओळखला. एका जीपखालून दोन पाय बाहेर आलेले होते, आणि मग अख्खा माणूस उताणा सरकत बाहेर आला, घरघर करत, आणि तो आवाज दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. पाठीखाली फळी होती आणि फळीखाली चाकं. त्याची चाकं, आठही. "तेजू?" तो पडल्या पडल्याच म्हणाला. "कावून आलीस? समदं बरं हाय ना? अण्णा बरे हायत?" दाढी वाढली होती, अंगानं भरला होता, आणि अजून नाक ओढत होता. त्यानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला. अब्बा गेले, दोन उन्हाळे झाले, म्हणाला. घरी मेहेक आहे, माझी बायको, भेटून जा, तिला तुझं नाव माहीत आहे, म्हणाला. मी चहा हातात धरून बसले. येताना एसटीत किती वाक्यं जुळवली होती, ती सगळी केजलाच उतरून गेली असावीत. म्हणून मी सरळच सांगितलं. "हारिस, माझं वर्तुळ मिटत नाही. मी अजून तुझी जागा सोडून चालते. रस्त्यावर, एसटीत, सगळीकडे. रविवारी शेवटची चाचणी आहे माझी."

तो चिंधीनं हात पुसत होता, एकेक बोट. ती चार बोटं मी इतकी वर्षं फक्त पाठीमागून ओळखत होते. समोरून एकदाच बघितली होती, फ्लेक्सवर. "माझी जागा?" तो म्हणाला. "माझी जागा कुटं व्हती, तेजू? तितं सुंदररावांचा फोटू व्हता." रागानं नाही म्हणाला. पूर्वी इथं लिंबाचं झाड होतं, असं सांगावं तसं म्हणाला. मग चिंधी गुडघ्यावर ठेवली. "त्या दिवशी अब्बानं नवा शर्ट घातलता. परत येताना वाटंत गाडी थांबवली. पंक्चर न्हवती, काय न्हवतं. मला वाटलं आता रडतेत. तर म्हणले, 'हात तो है ना तेरा.' लई खूश व्हते त्या हातावर. घरी येऊन अम्मीला सांगितलं, गल्लीत सांगितलं, पोराचा हात आलाय बॅनरवर. दोन दिसांनी परत बघायला गेलते, एकटेच." त्यानं चिंधी पुन्हा उचलली. पुढचं मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. "तवा फूल आलतं," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी जीपचा हॉर्न वाजवून बघत होतं, पुन्हा पुन्हा. मला रडू आलं नाही; रडू येण्याच्या जागी नुसता चहा होता. मी म्हटलं, "एक फेरी मार माझ्याबरोबर. लिलाव उठला की मोंढ्यात. एकच. तू शेजारी असलास आणि मग सांगून बाजूला झालास, तर माझ्या अंगाला कळेल की आता कुणी नाही. तेव्हा तू सांगून गेला नाहीस." तो फळीकडे बघत राहिला. "चाकं हितं हायती," तो म्हणाला, "बूट कवाच देऊन टाकले. आन् आंग इसरलंय माझं. खरं सांगतो. मला कदी आठवत बी न्हाई." हे तो जरा घाईनं म्हणाला. मग त्यानं माझी पिशवी ओढली, स्केट काढले, एकेक चाक कानाशी नेऊन फिरवलं, चाचांसारखं. "उजव्या बुटाची भायरची चाकं लई खाल्ली तू," म्हणाला. प्रत्येक बेअरिंगला त्यानं तेलाचा थेंब सोडला, चिंधीनं पुसलं, पुन्हा फिरवलं. चाक फिरता फिरता थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. 'उडो अब' तो म्हणाला नाही. "चल," तो म्हणाला, "श्टँडपत्तूर सोडतो."

पिशवी त्यानंच खांद्याला घेतली आणि आम्ही निघालो. गाड्यांची वर्दळ होती म्हणून तो रस्त्याच्या बाजूला झाला, माझ्या उजवीकडे. सगळे पुरुष होतात तसाच झाला, सत्यम होतो तसाच. मी मनात म्हणत होते, इकडे ये, डावीकडे, तुझी बाजू ती आहे, एवढ्या रस्त्यापुरता तरी ये; पण हे तोंडानं कसं सांगायचं, लग्न झालेल्या बाईनं, भर बाजारात, लेकराबाळांच्या बापाला. तो आपला मेहेकचं सांगत होता, पोरीच्या शाळेचं सांगत होता, नाक ओढत होता. आणि मला कळलं की नाक ओढल्याचा आवाज उजवीकडून येतोय, पण ग्रीसचा वास डावीकडून येतोय. ऊब डावीकडून येतेय. मी तिकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. खांदा किती खाली आहे तेसुद्धा मला कळत होतं. पंधरा वर्षांचा होता तो, काळ्या शर्टातला, आणि त्याला हारिसनं आणलं नव्हतं आणि हारिसला तो परत नेताही येणार नव्हता. रविवारची दोन वर्तुळं मला आत्ताच दिसली, डावं मोठं, उजवं लहान. मला त्याचं वाईट वाटलं, आणि दुसरं काहीतरी वाटलं ज्यात वाईट नव्हतं. तेवढ्यात एक टमटम हॉर्न मारत हारिसच्या कोपराला लागून गेली. तो सावरला आणि हसला.

"आगं, सरक की तिकडं," तो म्हणाला. "एवढी जागा हाय. कोण हाय तिकडं?"

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि होते तिथूनच चालत राहिले.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या पलीकडे, त्या मोकळ्या जागेकडे, एकदा बघितलं. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि स्वतःच थोडा आणखी डांबरावर सरकला.